पाठमोरा बाकीसिओ

लोरुनी गावच्या शिकारी मंडळीत बंदूकवाले पुष्कळ होते, कुत्रेवाला मात्र एकच. बंदूकवाल्यांनी खिंडीखिंडीत नाकी धरून गप्प बसायचं आणि बाकीसिओनं कुत्री घेऊन खालच्या जाळीत शिरायचं, आरोळ्या ठोकत रानडुकरं वर रेटायची, ही सार्डिनियाच्या डोंगरातली जुनी रीत. तो रान उठवायला निघाला की वरच्या आळीतल्या बायका म्हणत, "घासा पातेली. बाकीसिओ गेला." त्यानं स्वतः कधी बंदूक धरली नाही. "बंदूक हातात आली की कान बहिरे होतात," असं त्याचं म्हणणं.

शिकारीचा नाईक होता आंतीने. तरुणपणी संत योहानाच्या रात्री दोघांनी एकाच रुमालाची दोन टोकं धरून होळीवरून उडी मारली होती. अशी उडी मारली की माणसं एकमेकांची कुंपारे होतात. भावाभावांत वाटण्या होतात, कुंपारेंत होत नाहीत, असं तिकडे मानतात. आंतीनेचा मुलगा लारेन्तु यानं पहिलं डुक्कर पाडलं, तेव्हा त्याच्या कपाळाला रक्ताचा टिळा बाकीसिओनंच लावला होता.

हिवाळ्यातल्या एका रविवारी कळप सोडून एकटाच हिंडणारा एक एकुलगा डुक्कर ओढ्याकाठच्या दाट जाळीत घुसला. मागोमाग मुरीना गेली. ही करड्या रंगाची कुत्री म्हणजे सगळ्या टोळीची म्होरकी. तिचा आवाज बाकीसिओ डोंगराच्या या अंगाला उभा राहून ओळखायचा. एक बार झाला आणि तो आवाज थांबला. ओढा ओलांडून तो पोचला तेव्हा आंतीने मातीच्या ताज्या ढिगावर दगड रचत होता.

"पुढं येऊ नकोस, कुंपारे. डुकरानं पोट फाडलं तिचं. मीच पुरली."

"मला येऊ द्यायचं होतंस."

"तुला बघवलं नसतं रे."

बाकीचे माना खाली घालून उभे होते. लारेन्तु लांब जीपमध्ये बसून होता. पोराला वाईट वाटलं असेल, असं बाकीसिओला वाटलं. त्यानं आंतीनेचा मातीनं माखलेला हात हातात घेतला आणि म्हणाला, "माझ्यासाठी एवढं केलंस, उपकार झाले."

पुढं पाऊस लागला. ओढ्याला पाणी चढलं, तशी बाकीसिओला काळजी लागली. मुरीना वाहून जायला नको, तिला आपल्या मेंढवाड्यामागं आणून पुरावं, म्हणून तो एका दुपारी कुदळ आणि पोतं घेऊन गेला. गारठ्यानं देह बराचसा टिकला होता. पोटाला ओरखडाही नव्हता. खांद्यामागं मात्र बोट जाईल एवढं भोक होतं. डुकराचा सुळा फाडतो, असं भोक पाडत नाही. तो तिथंच दगडावर बसला.

तिला पोत्यात घालून तो तडक आंतीनेच्या घरी गेला. आंतीने घरी नव्हता. त्याची बायको ग्रासिया कणीक मळत होती. तिनं ओलं पोतं पाहिलं, त्याचा चेहरा पाहिला आणि हात थांबवले.

"सांगितलं म्हणायचं यांनी अखेर. मी त्याच दिवशी म्हटलं होतं, लपवू नका."

"काय लपवू नका, वहिनी?"

ग्रासियाला आता मागं फिरता येईना. "लारेन्तुनं पाला हलताना पाहिला अन् बार काढला. काय हलतंय ते बघितलंच नाही."

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

ती परातीकडे बघत राहिली. "सगळ्यांना."

न बघता गोळी झाडणाऱ्याला मंडळीतून कायमचं काढायचं, हा नियम. लारेन्तुचा बार कशासाठी झाकला गेला ते बाकीसिओला तेवढ्यात समजलं. मुरीनाला त्यानं मेंढवाड्यामागं पुरलं आणि कोणाशी काही बोलला नाही.

रविवारी तो नेहमीसारखा कुत्री घेऊन गेला. दोन डुकरं पडली. बुचाच्या झाडाखाली नेच्याच्या पानांवर मांसाचे सारखे वाटे लागले. कोणावर अन्याय नको म्हणून एकानं वाट्याला काठी लावून विचारायचं आणि दुसऱ्यानं पाठमोरं उभं राहून नाव पुकारायचं. पाठमोरा नेहमी बाकीसिओच असे.

आंतीनेनं काठी लावली. "हा कोणाचा?"

"तोरे म्हाताऱ्याचा."

"अन् हा?"

बाकीसिओ थांबला. मग तसाच पाठमोरा म्हणाला, "मुरीनाच्या खांद्यातली गोळी कोणाची?"



"कुंपारे, घरी बोलू आपण," आंतीने हळूच म्हणाला.

"घरी कशाला? इथं सगळे आहेत. सगळेच तोंडात गुळणी धरून बसलेत, तर एकदा चूळ टाका."

"माझी, काका," लारेन्तु म्हणाला.

तोरे म्हातारा पुटपुटला, "अरे, कुत्रीच ती. पोराची बंदूक गेली असती."

बाकीसिओ वळला, पण म्हाताऱ्याकडे नाही, आंतीनेकडे. "तू मला सांगितलं असतंस, तर मी पोराला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि याच झाडाखाली उभं राहून त्याच्यासाठी शब्द टाकला असता. तुला ते ठाऊक होतं. तरी तू माझा केसानं गळा कापलास. वर माझ्याकडून उपकारही मानून घेतलेस."

आंतीनेनं काठी खाली टाकली. बाकीसिओनं कुत्र्यांना शीळ घातली आणि तो उतरणीला लागला.

संध्याकाळी लारेन्तु बाकीसिओचा वाटा घेऊन त्याच्या घरी आला. बाकीसिओनं त्याला आत घेतलं, काळी वाइन ओतली, चीज कापून दिलं. पोरगा रडला, त्याला रडू दिलं. "सुटली ती गोळी सुटली. तुझं-माझं मिटलं. आता हे मांस परत ने, आणि ज्यानं पाठवलं त्याला म्हणावं, हा वाटा माझा नाही."

लारेन्तुनं बंदूक आपणहून विकून टाकली. आंतीने दोनदा दाराशी येऊन गेला. दार उघडलं नाही. मंडळीनं शेजारच्या गावची कुत्री मागून आणली, ती या रानात बावचळली. चर्चच्या पायरीवर गाठ पडली की आंतीने अजून "कुंपारे" म्हणतो. बाकीसिओ टोपी उचलतो, "बरे आहात ना?" म्हणतो आणि पुढं जातो.

रविवारी तो कुत्र्यांना समोरच्या डोंगरावर फिरायला नेतो. इकडे मंडळीचा बार झाला की ती कान टवकारतात, दोऱ्या ताणतात. बाकीसिओ दोऱ्या मनगटाला गुंडाळून, ती शांत होईपर्यंत उभा राहतो.