रोजचा फोन

सानगडीत आमच्या शेजारी राहणारी ती मुलगी तोंडावर हात धरून हसायची आणि अनोळखी माणसासमोर एकदम गप्प व्हायची. तिचे वडील तलावावर मासेमारी करायचे. कॉलेजने मत्स्यशेती दाखवायला तिच्या वर्गाला व्हिएतनामला नेलं आणि ती तिकडे असतानाच वडील हृदयविकाराने गेले.

"पोरीले आत्ता सांगू नका," तिची आई सगळ्यांना म्हणाली. "तिकडं कोण सावरंल तिले?"

मुलगी रोज फोन करायची, तिथले माशांचे हौद दाखवायची, खळखळून हसायची.

"बाबा कुठी गेले?"

"तलावावर," आई सांगायची. फोन झाल्यावरच तिच्या घशाखाली दोन घास उतरायचे.

मुलगी परतली तेव्हा आईने दारातच सांगितलं. मुलीने हंबरडा फोडला.

पुढे एकदा भाजी निवडताना ती मला म्हणाली, "काकू, मले तिथंच समजलं होतं. गावच्या ग्रुपवर बाबाचा हार घातलेला फोटो आला होता."

"मंग रोज हसत काहून होतीस?"

"माह्याजवळ मैत्रिणी होत्या. आई एकटीच होती."

मी दुसरी जुडी पुढे ओढली. ती म्हणाली, "दारातलं रडणं खोटं नव्हतं, काकू. तिथं मी एकदाही रडली नव्हती."