दाजींची पिवळी ओळ

पिवळ्या अक्षरांना आमच्या दाजींइतका मान देणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला दाजींनीच बिघडवलेला असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं दूधसंस्थांसाठी प्रोग्राम लिहून देणारं ऑफिस होतं. तिथं ते सगळ्यांत जुने आणि मी सगळ्यांत नवा. आमच्या धंद्यात कंपायलर नावाचा एक तपासनीस असतो. लिहिलेला प्रोग्राम त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय चालत नाही. धडधडीत चूक दिसली की तो लाल अक्षरांत अडून बसतो. नुसती शंका आली तर पिवळ्या अक्षरांत वॉर्निंग देतो आणि जाऊ देतो. बाकीचं जग त्या पिवळ्या ओळींकडे कानाडोळा करून सुखानं जगतं. दाजी मात्र वॉर्निंग दिसली की जेवणाच्या डब्याचं झाकण परत लावायचे. एकदा एकदम सहा आल्या, त्या दिवशी भरली वांगी जशीच्या तशी घरी परत गेली आणि अक्का दोन दिवस कंपायलरच्या नावानं बोटं मोडत होती. स्कूटरचा पेट्रोलचा दिवा नुसता लुकलुकला तरी दाजी उतरून ती ढकलत न्यायचे. टाकीत अजून पेट्रोल आहे म्हणून सांगितलं तर म्हणायचे, "ऐकायचंच न्हाय, तर दिवा कशाला लावलाय?"

दुसरं वेड नावांचं. नाव वाचलं की आत काय आहे ते कळलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट प्रोग्रामपुरता राहिला असता तर ठीक होतं. पण तो स्वयंपाकघरात शिरला. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी: ‘बारीक साखर, फक्त चहाची, मुंग्यांपासून जपा’. "ह्ये वाचूस्तवर च्या उतू जातोय की!" असं अक्का ओरडायची. पण संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की दाजी शेजारी पाट घेऊन दिवसभराचा प्रोग्राम तिला मराठीत वाचून दाखवायचे. तिला न कळलेली ओळ ते दुसऱ्या दिवशी नव्यानं लिहायचे. मी एके ठिकाणी आळसानं नुसतं ‘क्ष’ लिहिलं होतं. अक्काचा हात पिठातच थांबला. "ह्यो क्ष कोण? ह्याला आईबाप न्हाईत व्हय?" दुसऱ्या दिवशी मी त्याचं नाव ‘सकाळच्या पाळीचं एकूण दूध’ ठेवलं, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

मग कागलकडच्या एका दूधसंस्थेचं काम आलं. ते नीट झालं तर माझी नोकरी कायम होणार होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझ्या भागात एक पिवळी ओळ उगवली. दाजी दाढ काढायला खालच्या दवाखान्यात गेले होते. मी ती ओळ वाचलीसुद्धा नाही. वॉर्निंगा दिसण्याची सोयच बंद करून टाकली. दाजी गाल सुजवून वर आले, स्वच्छ पडदा पाहिला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि दाढ ठणकत होती म्हणून न वाचताच घरी गेले. त्या थापेची मला अजून लाज वाटते.

सकाळी संस्थेत चेअरमनांच्या म्हशीचं दूध पहिलं यंत्राला लागलं. यंत्रानं फॅट, जिच्यावर दुधाचा दर ठरतो, दाखवली सात पॉइंट आठ. चिठ्ठी छापून आली: सात. पुढचं सहा पॉइंट नऊ, चिठ्ठीवर सहा. "पावणं, आमच्या म्हशीचा असला अपमान आजवर कुणी केला न्हाय!" चेअरमन गरजले. "उचला तुमचा कॉम्प्युटर!" मागं किटल्या घेतलेली रांग खवळली. मला दरदरून घाम फुटला, कारण बंद केलेल्या पिवळ्या ओळीचं फक्त मलाच ठाऊक होतं. तेवढ्यात दाजी पुढे झाले. "चूक माझी हाय. मी वाचायचं सोडलं. आता वाचतो." आणि सुजल्या गालानं, एका पालथ्या किटलीवर बसून त्यांनी रांगेला प्रोग्राम वाचून दाखवायला सुरुवात केली! "म्हशीच्या दुधाची फॅट यंत्राकडनं घे. त्यातला पॉइंटच्या अलीकडचा आकडा चिठ्ठीवर छाप."

"आन् पॉइंटच्या फुडचं कुणी प्यालं?" रांगेतली एक बाई म्हणाली.

दाजींनी हातच जोडले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघा पावणं, ह्यास्नी कळलं. कंपायलरलाबी कळलं असणार. त्यो गप कसा बसला?" मी खाली मान घालून सगळं कबूल केलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "दुरुस्त करा. आन् हितनं फुडं मला वाचून दाखवल्याबिगर काय पाठवायचं न्हाय." दहा मिनिटांत म्हशीची अब्रू परत आली आणि महिनाअखेरीस माझी नोकरी कायम झाली.

आता दाजी मलकापूरला गावी असतात. मधुमेहानं नजर जवळजवळ गेली आहे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या अक्का त्यांना वाचून दाखवते. मी रविवारी जातो, पाटावर बसतो आणि आठवड्याचा प्रोग्राम वाचतो. त्यांना कुठेतरी अडवता यावं म्हणून मुद्दाम एखादा ‘क्ष’ घालतो. गेल्या रविवारी तो आला तरी दाजींनी डोळे मिटूनच ठेवले, अडवलं नाही. मी पुन्हा वाचला.  आता कानही गेले की काय, म्हणून मी अक्काकडे पाहिलं. अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली.

"पावणं," दाजी डोळे न उघडता म्हणाले, "दर रविवारी मुद्दाम घालताय, कळतंय की मला. वाचा, वाचा."