दुसरा थांबा

रविवारचं जेवण अंगावर येतं, शर्वाणीचे डोळे मिटू लागतात, पण लॅपटॉप मांडीवरच आहे. पाच वाजेपर्यंत अण्णांची तिहाई पाठवायची आहे. अण्णा म्हणजे तिचे तबल्याचे गुरुजी. त्यांना जाऊन वर्ष झालं. स्मृतिदिनाला त्यांच्या जुन्या कॅसेटवरून तिनं बांधलेली रचना वाजणार आहे. हिशेब सोपा: पाच मात्रांचा बोल तीनदा, मधे एकेका मात्रेचे दोन थांबे, की सोळा मात्रांचं आवर्तन संपून सतराव्या मात्रेला सम. कॅसेटवर मात्र दुसरा थांबा दीड मात्रेचा भरला. सॉफ्टवेअरनं चूक म्हणून तो छाटला, मागची खरखरही पुसली, आणि हिनं मान डोलावली. तेव्हापासून जिवाला चैन नाही. गुरूला सुधारणारी आपण कोण टिकोजीराव लागून गेलो?

कुशीवर वळते, तर ती मिरजेच्या एसटी स्टँडवर. चौकशीच्या खिडकीत अण्णा बसलेत, बंडी घालून.

"अण्णा, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलोय की. म्हणून काय बसायचं नाही?"

"सम कुठं लागते?"

"सतरा नंबरला."

ती फलाट मोजत धावते. पंधरा, सोळा, परत पंधरा. सतरावर बस नाहीच, शिकवणीची सतरंजी आहे आणि समोर पुन्हा अण्णा. तिच्या अंगात फ्रॉक कसा आला, तिला कळत नाही.

"अण्णा, दुसऱ्या थांब्याला तुम्ही चुकलात का हो?"

"कॅसेट कुणाच्या शिकवणीची आहे?"

"माझ्या."

"मग? तिथं तू कायम मागं पडायचीस. तुला टाकून एकटाच समेवर जाऊन काय करू? खरखर म्हणून पुसलीस, तो तुझा तबला होता बाई."

तिला रडू फुटतं. "मला एकटीला जमत नाही, अण्णा."

"जमतंय असं कोण म्हणालं? हात पुढे कर. घामेजलेत नुसते."

ते तिच्या तळव्यांवर पावडर ओततात. ती मान वर करते तर पुन्हा खिडकी, आणि खिडकी बंद.

साडेचार वाजलेत. शर्वाणी उठून बसते. दोन्ही तळवे पांढरेफटक, घरात तर पावडरचा डबाच नाही. ती कितीतरी वेळ हातांकडे बघत राहते, काही उमगत नाही. मग पुसलेला आवाज परत आणते, छाटलेली अर्धी मात्रा जोडते. बटणांवर पांढरे ठसे उमटतात. फाइल जाते.

दहा मिनिटांत कार्यक्रमवाल्यांचा फोन. "मॅडम, दुसऱ्या थांब्याला लय अडखळतेय. आम्ही इथं सरळ करून घेऊ का?"

"नको," शर्वाणी म्हणते. "ते माझ्यासाठी थांबलेत."