ओल्या पोत्याखालचे पिंप

"भाऊसाहेब, पिंप तापलाय! पाणी मारतोय तसा जास्तच तापतोय!"

पडावाचे तांडेल हुसेनभाई पडावातून ओरडत होते. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती आणि तिच्यावरचा माल घेऊन त्यांचा पडाव मांडवीच्या धक्क्याला लागत होता. मी बोटीच्या एजंटाकडे बंदरावर सुपरवायझर होतो. माल उतरवून घेणे आणि धोक्याच्या मालाचे नियम पाळले जातात की नाही ते पाहणे, हे माझे काम.

पडावात कार्बाइडची पिंपे होती. कार्बाइड म्हणजे राखाडी खडे. त्यांवर पाणी पडले की गॅस निघतो. लग्नाच्या मांडवातल्या बत्त्या त्याच गॅसवर जळतात. पण बंद पिंपात पाणी शिरले तर गॅस आत कोंडतो, पिंप तापते आणि एखादी ठिणगी मिळाली की फुटते.

हुसेनभाईंनी सगळ्या पिंपांवर ओली पोती टाकली होती. वर बालदीने समुद्राचे पाणी ओतणे चालू होते. लसणासारखा उग्र वास सुटला होता आणि खलाशांच्या तोंडात विड्या होत्या.

"पाणी थांबवा! विड्या दर्यात टाका!"

"रॉकेलच्या डब्यांवर ओला पोता टाकतो ना आमी? ह्यालाय तशीच लाल चिठी हाय."

"चिठीवर काय लिहिलंय?"

"इंग्रजी हाय ती. माझ्या बापानं तरी वाचली असती काय?"

चिठीवर लिहिले होते, 'कोरडे ठेवा, नाहीतर धोका.' कायद्याप्रमाणे चिठी अगदी चोख होती. ती बोटीच्या कंपनीला कोर्टात वाचवील. पडावातल्या माणसाला वाचवणार नाही. माझे डोके भडकले, पण भडकायला ती जागा बरी नव्हती.

पोती काढली. एका पिंपाच्या सांध्याला गंजून भोक पडले होते. तिथून फुसफुस ऐकू येत होती.

"ढकलू दर्यात?" हुसेनभाईंनी विचारले.

"दर्यात काय आहे, हुसेनभाई?"

त्यांनी वाकून दर्याकडे पाहिले. "पाणी," म्हणाले आणि स्वतःच हसले.

बाकीची पिंपे पुसून कोरड्या वखारीत पाठवली. हे एक मात्र दोरात अडकवून, बांबूवर टांगून लांब मोकळ्या वाळूत नेऊन ठेवले आणि भोवती दोर बांधला. आत कोणी जायचे नाही.

एवढ्यात मालाचे धनी आले. बाजारपेठेतले बत्त्यांचे व्यापारी, शेठजी. सोबत हातोडा, छिन्नी आणि एक हमाल.

"झाकण उघडा. चांगला माल वेगळा काढतो."

"छिन्नीची एक ठिणगी पुरे, शेठजी. आत्ता नाही."

"माल माझा आहे."

"आणि हात कोणाचे?"

"हमालाला जास्त मजुरी देतो."

"मग छिन्नी तुम्ही धरा. मजुरी तुम्हीच घ्या."

धक्क्यावरचे हमाल खो खो हसले. शेठजींनी छिन्नी खाली टाकली आणि थेट एजंटाला, दादासाहेबांना, घेऊन आले.

"गिऱ्हाईक तुटलं तर तुला घरी बसवीन," दादासाहेब म्हणाले.

"बसवा. पण पिंप गार होईपर्यंत मी इथेच बसतो."

दादासाहेबांनी एकदा वास घेतला. मग खिशातली काड्यापेटी हळूच सोबतच्या कारकुनाच्या हातात दिली आणि म्हणाले, "शेठजी, उद्या या."

दुसऱ्या दिवशी फुसफुस थांबली होती. पिंप गार होते. लाकडी मोगरीने ठोकून झाकण उचकटले. वर चुन्यासारखा पांढरा चिखल, तळाशी थोडे खडे. वखारीतला माल सुका निघाला. शेठजी पुटपुटत माल घेऊन गेले. माझी नोकरीही राहिली.

मी धक्क्यावर 'कोरडे ठेवा' असा मराठीत फलक लावायचे ठरवले. हुसेनभाई म्हणाले, "आमच्यात वाचणारा कोण? घागरीचं चित्र काढा नि तिच्यावर काट मारा." मग घागरच काढली. रंग दादासाहेबांनी पुरवला.

पुढच्या बोटीला हुसेनभाईंनी लाल चिठीचे एकेक खोके अडवले. "ह्याला पाणी चालता की नाय? सांगा, मगच उचलतो." बोट उशिरा सुटली. कप्तानाने तक्रार केली. ती वाचून मला फार बरे वाटले.

पिंप फुटले असते तर साहेब चौकशीला आले असते, वर्तमानपत्रात मजकूर आला असता. फुटले नाही, म्हणून कोणी आले नाही. सुरक्षिततेचे काम नीट झाले की दाखवायला काहीच उरत नाही. उरतात ती फक्त माणसे.