मामाची थेंबांची बाटली

हडपसरच्या माझ्या मामाच्या हृदयात तीन ब्लॉक निघाले. डॉक्टरांनी बायपास सांगितली. मामाने विश्रांतवाडीतल्या एका 'ऑक्सिजन उपचार'वाल्याकडून बाटली आणली. रोज उपाशीपोटी, पाण्यातून थेंब. बाटलीत काय, तर हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर ओतलं की फेसाळतं, तेच. त्याने म्हणे शिरा साफ होतात!

माझं डोकंच फिरलं. भोंदू उपचारांविरुद्ध काम करणाऱ्या नारायण पेठेतल्या ज्या संघटनेसाठी मी पत्रकं वाटायचे, तिचं पत्रक तयारच होतं : 'पेरॉक्साइड हे विष आहे. शरीरात त्याला जागा नाही.' ते मामासमोर ठेवलं.

मामा वाचून हसला. "तो म्हणतो, आपल्या शिरा सोताच हे बनवत्यात. प्रयोगशाळेत शोध लागलाय. खरं हाय का खोटं?"

मी पत्रकातल्या त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.

"मग आधी तुमचं आन् त्या प्रयोगशाळेचं एकमत होऊ दे, पोरी. तवर मी पितो."

माझी ताई रक्तवाहिन्यांवरच संशोधन करते. दोन महिन्यांनी मी तिला विचारलं, तेव्हा तिने मला प्रयोगशाळेत नेलं. उंदराच्या रक्तवाहिनीची इवलीशी कडी दोन बारीक तारांवर ताणून कोमट द्रावात टांगली होती. ताईने त्यात अगदी पातळ केलेलं पेरॉक्साइड सोडलं. पडद्यावरची ताण दाखवणारी रेघ हळूहळू खाली आली.

"सैलावली," ताई म्हणाली. "वाहिनीचं अस्तर हे स्वतःच बनवतं, किंचितसं. तेवढ्याने ती कधी रुंदावते. जास्त झालं तर तीच भिंत पोखरली जाते. यातली सीमा कुठे, तेच आम्ही शोधतोय."

"आणि पिऊन?"

"पिऊन तिथवर पोचतच नाही. पोटातच फुटतं, आतून भाजतं. ब्लॉक जागच्या जागी."

मी तडक नारायण पेठेत गेले. पत्रक बदला म्हटलं. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, पत्रकाला एकच बाजू असते. प्रबंध लिहायचा असेल तर विद्यापीठ गणेशखिंडीत आहे."

"तो बाटलीवाला अर्धं तरी खरं बोलतोय," मी म्हटलं. "आपण तेवढंही नाही."

पत्रक बदललं नाही. पुढच्या रविवारी मीच मामाला सगळं सांगितलं, त्या माणसाचं अर्धं खरं धरून.

"म्हंजी ह्यातलं काहीच माझ्या काळजापतूर जात नाय?"

"नाही, मामा."

त्याने बाटली मामीकडे दिली. "वत मोरीत."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात दाखल झाला. ऑपरेशन झालं. पण थेंबांच्या महिन्यांत हृदय फार थकलं होतं. मामा शुद्धीवर आला नाही.

त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी गप्प बसावं. त्याने सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर घेऊन जायला आम्ही उशीर केला.

नवं पत्रक मी स्वतःच छापून घेतलं. दोन्ही बाजू, बारीक टायपात, लांबलचक. ते वाटायला मामी येते. विश्रांतवाडीत त्या माणसाच्या जिन्यापाशी उभी राहते आणि वर चढणाऱ्याच्या हातात कागद देत म्हणते, "सगळं वाच, बाबा. खालपतूर वाच. मग जा."