सायमनच्या बरोबरीचे

सायमन गेल्याचं त्याच्या बहिणीनं, मार्थाबाईनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी गडचिरोलीच्या बसस्टँडवर उभा होतो. चंद्रपूरला त्यालाच भेटायला निघालो होतो... "भाऊ, आता घाई नोको करू," एवढंच ती म्हणाली. गाडीत बसल्यावर मला रडू आलं नाही. एकच विचार डोक्यात घोळत होता, सायमनच्या आफ्रिकेतल्या माणसांना ही बातमी माझ्याआधी तर कळली नसेल? मित्राच्या मरणातही हेवा सुटत नाही, हे लिहिताना लाज वाटते. पण सात आठवड्यांनी लिहायला बसलोय ते खरं सांगण्यासाठीच.

आम्ही एकाच मोहल्ल्यातले. आमचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झाला, पहिला ख्रिस्तप्रसाद एकाच रांगेत घेतला. तेराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे आईबापांनी दिलेल्या श्रद्धेला आपल्या तोंडानं हो म्हणायचा संस्कार, तोही शेजारी गुडघे टेकून. बिशपांनी कपाळावर लावलेलं तेल आम्ही संध्याकाळपर्यंत पुसलं नाही. पुढे दोघंही फादर व्हायला सेमिनरीत गेलो. मला वर्षभरात घरी पाठवलं. सायमन फादर झाला, केनियाला गेला, आणि मी इथं शाळामास्तर.

त्याची पत्रं यायची. तिकडच्या डोंगरी गावात पोरं वयात आली की गावाबाहेर झोपडीत महिना काढतात. डोकी भादरतात, सुंता होते, आणि पातं लागताना डोळ्यात पाणी आलेलं चालत नाही. प्रत्येकाजवळ एक वडीलधारा बसतो, आपल्याकडे संस्काराच्या वेळी पोराची हमी घेणाऱ्या धर्मपित्यासारखा. परतताना नवं नाव, नवे कपडे. त्या झोपडीत जे एकत्र राहिले ते जन्मभराचे भाऊ. गावातल्या म्हाताऱ्यांनी सायमनलाही एका तुकडीत मोजलं, नाव दिलं. 'आता मले इथं एकवीस भाऊ आहेत,' त्यानं लिहिलं. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

तो कायमचा परत आला तेव्हा आमच्या चर्चमध्ये या विषयावर बोलला. तिथली झोपडी आणि आपलं बाप्तिस्म्याचं पाणी, तिथलं पातं आणि आपलं तेल... दोन्हीकडे पोर मरतं आणि माणूस उठतो, म्हणाला. फरकही सांगितला, की तिथं धीर कमवावा लागतो, इथं कृपा फुकट मिळते. पण तेलानंतर आपण एकमेकांचे कोणी लागत नाही, ते लागतात. मी ताडकन उठलो. "फादर, जंगलातल्या कापाकापीची बरोबरी आमच्या संस्काराशी करता?" लोकांनी माना डोलावल्या. तक्रार वर, बिशपांकडे गेली. पुढची व्याख्यानं बंद झाली.

त्या रात्री नाही, चार दिवसांनी तो माझ्या घरी आला. चहा घेतला. मग विचारलं, "तुले धर्माचा राग आला का माह्या भावांचा?"

"धर्माचा," मी म्हणालो.

"खोटं बोलून राह्यला तू," तो म्हणाला, आणि हसला. तेवढ्यावर मला माफ केलं. मी माफी मागितलीच नव्हती.

दफनानंतर त्याच्या फोनवर केनियाहून मुताई नावाच्या माणसाचा फोन आला. मार्थाबाईला इंग्रजी जमेना, तिनं फोन माझ्या हातात दिला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तूच तो. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, तेव्हा तो दर वेळी सांगायचा, माझ्या बरोबरीचा पहिला माणूस भारतात आहे, तुम्ही सगळे त्याच्यामागून. आम्हाला राग यायचा तुझा." नातं जोडलं होतं त्यानं, आणि मी त्याच्या व्याख्यानाला कुलूप लावून बसलो होतो...

त्याची खोली रिकामी करताना पलंगाच्या उशाशी एक फोटो मिळाला. भादरलेल्या डोक्यांची एकवीस पोरं, मधे सायमन, पांढऱ्या झग्यात, तोंडभर हसतोय. एका पोरानं त्याच्या गळ्यात हात टाकलाय. फोटो मी घरी आणला, टेबलावर ठेवला. सकाळी वह्या तपासताना नजर जाते. तो हात मला अजूनही बघवत नाही. फोटो उचलून मात्र ठेवत नाही.