वॉर्डाच्या दाराशी

परळच्या हॉस्पिटलात आईच्या वॉर्डाच्या दाराशी पोचलो की मला श्वास पुरत नसे. माझे रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टर म्हणाले, भीतीने होतं. फळं नर्सकडे देऊन मी परत फिरायचो आणि दिवसभर स्वतःची लाज वाटायची.

तिथे रोज एक बाई दिसायची. तिचा नवरा आत होता. तीही दाराशी धापा टाकायची. मग डोळे मिटून, गणपतीच्या आरतीत ओढतात तसा एक लांब सूर हलकेच लावायची, पदर खोचायची आणि आत शिरायची.

एकदा मला परत फिरताना बघून म्हणाली, "दम लागतोच हो दादा. म्हणून काय आत जायचं नाय?"

मी धापा टाकतच आत गेलो.

"लिफ्ट बंद आहे का रे?" आईने विचारलं.

"चालू आहे," म्हणालो आणि तिचा हात धरून बसलो.